पंचांचीच पंचाईत!
कृष्णाकाठचे छुपे गुन्हे, उघडे निवाडे आणि अमेरिकन कथांशी जुळलेले भन्नाट योग

खुनाच्या गोष्टीत खुनी सापडला की आपण पुस्तक मिटतो. जुन्या अमेरिकन लघुकथाकारांची खोड मात्र वेगळी. एडगर ॲलन पो खून कुणी केला ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. नथॅनिएल हॉथॉर्नच्या पाळकानं नेमकं काय पाप केलं, ते शेवटपर्यंत कळू देत नाही. शर्ली जॅक्सनच्या गावात तर कुणी काहीच केलेलं नसतं, तरी गावकरी दगड घेऊन तयार! गुन्हा राहतो बाजूला आणि उघडा पडतो तो निवाडा करणारा. सातारा-सांगलीकडचा माणूस हे ऐकून म्हणेल, "एवढंच ना? आमच्याकडं या की." आणि त्याचं खोटं नाही. कृष्णाकाठानं आरोपी पाहिले त्याहून जास्त न्यायाधीश पाहिलेत. त्यातले हे काही निवडक.

१. एकाच वर्षी दोन खेळ

पोची 'द टेल-टेल हार्ट' ही कथा जानेवारी १८४३ मध्ये बोस्टनच्या 'द पायोनियर' मासिकात आली. म्हाताऱ्याला मारून फरशीच्या फळ्यांखाली पुरलेलं, पोलीस चौकशीला आलेले आणि या बहाद्दरानं आपली खुर्ची नेमकी त्याच फळ्यांवर मांडलेली! पोलिसांना कसलाच संशय नाही. ते आरामात गप्पा छाटतायत. पण खुन्याच्या कानात ठोके वाढत जातात आणि शेवटी तोच ओरडून कबुली देतो. बाहेर न्यायाधीश नसला तर तो आत बसतो, हे या इवल्याशा कथेचं मर्म.

त्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १८४३ला, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगवलं. बोस्टन आणि सांगलीचा काही संबंध नाही, निव्वळ तारखांचा योग. पण आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो या खेळामुळे. पुढची कित्येक वर्षं समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचं काम याच रंगभूमीनं केलं. त्यातले काही खटले पुढं येतीलच.

२. हात कढईत, पिशवीला मोहोर

साक्षीदार फुटले, कागद गहाळ झाले, मग खरं-खोटं कसं ठरवायचं? मराठेशाहीत यावर शेवटचा उपाय होता दिव्य. त्यातलं रवादिव्य म्हणजे तापलेल्या तेला-तुपाच्या भांड्यातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, बोटांनी बाहेर काढायचा. आधी हात स्वच्छ धुवायचे, नखं काढायची. कुणी काही लेप लावून आला असेल तर तो निघून जावा म्हणून. नंतर हातावर पिशवी चढवायची, तोंड बांधायचं, वर मोहोर करायची. ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमक्ष पिशवी सोडायची. हाताला भाजल्याची खूण नसेल तर माणूस खरा, असेल तर खोटा.

आता गंमत बघा. हे सगळं खुनासाठीच व्हायचं असं नाही. बरेचदा भांडण असायचं पाटीलकीचं, वतनाचं, मानपानाचं! निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला की त्यावर गोतसभेच्या निशाण्या पडायच्या. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, बलुतेदारांची ज्याची त्याची हत्यारं. निवाडा एकट्या न्यायाधीशाचा नसायचा, अख्ख्या गावाची सही असायची. दिव्यांचे शास्त्रातले नियम वाचायचे असतील तर वाईला चला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली तिथून निघालेल्या 'धर्मकोशा'ची सुरुवातच न्यायव्यवहाराच्या 'व्यवहारकांडा'नं झाली, १९३७ साली.

३. राजाला शिक्षा सांगणारा माहुलीकर

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पकडण्याच्या हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' कुणी केलं, याची चर्चा अजून थांबलेली नाही. पण त्या वेळचा पेच वेगळाच होता. ज्याच्यावर संशय तो काका राघोबादादाच गादीवर! मग तपास कुणी करायचा? पेशव्यांचे न्यायाधीश, साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी केला. आणि राघोबांनी प्रायश्चित्त विचारलं तेव्हा तोंडावर सांगितलं: देहान्त प्रायश्चित्त.

शिक्षा अमलात येणार नाही हे शास्त्रीबुवांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दुसरी शिक्षा सुनावली, ती स्वतःला. पद सोडलं, पुणं सोडलं आणि वाईजवळच्या पांडववाडीला जाऊन राहिले. कारभार बदलल्यावरच परत आले. हा प्रसंग इंग्रजीत नेणारा इतिहासकार ग्रँट डफही साताऱ्याचाच म्हणायचा; १८१८ ते १८२२ तो इथं ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट होता. पुढं १९४४ साली 'प्रभात'नं 'रामशास्त्री' काढला आणि गजानन जागीरदारांचा करारी चेहरा लोकांच्या मनात शास्त्रीबुवांचा म्हणून कायमचा बसला.

४. एकाचा काळा पडदा, दुसऱ्याची न झालेली सही

हॉथॉर्नची 'द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल' ही कथा १८३६ सालच्या एका वार्षिकात छापली गेली. गावचा पाळक एके रविवारी तोंडावर काळा पडदा घेऊन चर्चमध्ये येतो आणि मरेपर्यंत तो काढत नाही. का? सांगत नाही. गाव मात्र तर्क लढवून लढवून हैराण! कथेला हॉथॉर्नची तळटीपही आहे. जोसेफ मूडी नावाच्या खऱ्या पाळकाच्या हातून तरुणपणी चुकून मित्र मारला गेला होता आणि त्यानंही असाच चेहरा झाकला होता.

त्याच १८३६ साली साताऱ्यात पडदा उलट्या बाजूनं पडला. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कंपनीविरुद्ध कट केल्याचा आरोप ठेवून गुप्त चौकशी बसवली. इथं आरोपी उजेडात आणि चौकशी पडद्याआड! १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आला आणि सौदा पुढं केला. चूक कबूल असल्याच्या कागदावर सही करा, गादी राखा. महाराजांनी नकार दिला. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन राज्य कशाला राखायचं? गादी गेली, रवानगी काशीला झाली आणि १८४७ मध्ये तिथंच त्यांचा अंत झाला.

त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळपास १४ वर्षं तिथं ठाण मांडून बसले. निकाल लागला नाही, पण पार्लमेंटपासून सभागृहांपर्यंत कंपनीची लक्तरं मात्र त्यांनी वेशीवर टांगली. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांना शोध शोध शोधलं. रंगो बापूजी काही हाती लागले नाहीत.

५. मेणवलीची घंटा आणि पुण्याचे दगड

वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. घाटावरच्या देवळात एक भली थोरली घंटा टांगलीय, १७०७ साल कोरलेली, वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. पाहायला जाल तेव्हा नानांचा एक निवाडाही आठवा.

१७९१ मध्ये पुण्याचा कोतवाल घाशीराम यानं तेलंगी ब्राह्मणांना चोर समजून कोंडलं. त्यातले बरेच जण गुदमरून मेले. शहर खवळलं. नानांनी आपल्याच कोतवालाला जमावाच्या स्वाधीन केलं आणि जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. त्याला कोतवाली देणारा कोण, हे त्या गर्दीत कुणी विचारलं नाही. तो प्रश्न विचारला विजय तेंडुलकरांनी, १९७२ साली, 'घाशीराम कोतवाल'मध्ये. लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं ते नाटकच!

६. हरिपूरच्या मांडवातला फुसका बार

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर. गोविंद बल्लाळ देवल इथले. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभानं बाप कोवळी पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. नवरदेव आणि मुलगी सगोत्र आहेत, ही गोष्ट मात्र दडपलेली. भर मांडवात ती फुटते आणि लग्न मोडतं.

देवलांची खोच इथं आहे. म्हातारा आणि पोर, वयात दोन पिढ्यांचं अंतर, हे सगळ्या गावाला दिसत होतं. त्यावर लग्न मोडलं नाही. मोडलं ते गोत्रावर! समाजाच्या कायद्यात कुठला गुन्हा बसतो आणि कुठला बसत नाही, ते देवलांनी एका मांडवात दाखवून दिलं. पुढं १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा आला, तो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाचा. शारदेच्या नावाशी त्याचं साम्य हा निव्वळ योगायोग.

७. सरकारनंच ओळखलं कीचकाला

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. १९०७ मध्ये त्यांचं 'कीचकवध' आलं. महाभारतातली गोष्ट: माजलेला कीचक, गांजलेली सैरंध्री, मनात कढणारा भीम आणि हात बांधून बसलेला धर्म. नाटकात व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड कर्झनचं नाव कुठंही नाही. प्रेक्षक मात्र कीचकाच्या जागी कुणाला बघायचं ते बरोब्बर बघत होते.

१९१० मध्ये सरकारनं १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली बंदी घातली. बंदी घालताना एक गोष्ट आपोआप कबूल झाली, की कीचक म्हणजे आम्हीच! पोच्या खुन्याला निदान कानात ठोके तरी ऐकू आले होते. इथं तिसऱ्या घंटेवरच कबुली!

८. जन्मतःच आरोपी

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले आणि लहानपणी गावाहून मुंबईपर्यंत पायी गेले. १९५९ साली त्यांची 'फकिरा' कादंबरी आली. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला ती अर्पण केलेली आहे.

'फकिरा'मागचा कायदा समजून घ्यायला हवा. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या. चोरी केली की नाही हा प्रश्नच नाही, नुसतं त्या घरात जन्मलं की हजेरी लागू. फकिराला हीच हजेरी खुपते. भुकेल्या माणसांसाठी तो धान्य लुटतो आणि आपली माणसं सरकारच्या कचाट्यात सापडल्यावर स्वतः पुढं होऊन हजर होतो. न्यायाधीशाला शोभेल असं वागणारा माणूस या गोष्टीत एकच आहे आणि नेमका तोच फासावर जातो. तो कायदा गेला १९५२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

९. कोर्ट भरतंय शिवारात

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत इंग्रजांचं राज्य कागदावरच उरलं होतं. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि त्यांचं प्रतिसरकार. (तेव्हाचा सातारा म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये.)

या सरकारची न्यायदान मंडळं होती. वकील नाही, स्टँप नाही, तारखेवर तारीख नाही. सावकारी, जमिनीचे तंटे, नांदवत नाही म्हणून आलेल्या बायकांच्या तक्रारी, सगळ्याचा गावासमोर फैसला. गावगुंड आणि खबऱ्यांची खैर नसायची. पायाला घोड्यासारखी पत्री ठोकतात, अशी आवई उठली आणि 'पत्री सरकार' हे नाव पडलं. प्रत्यक्षात शिक्षा असायची तळव्यांवर काठीच्या फटक्यांची. पण प्रतिसरकारनं ती आवई मनावर घेतली नाही. धाक आयताच मिळत असेल तर सोडतो कोण?

१०. १९४८: दगड आणि काडेपेटी

या यादीतलं हे एक पान हसण्यावारी नेता येत नाही. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींचा खून झाला आणि खुन्याच्या जातीचे म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. ज्यांच्या घरांना आग लागली त्यांचा खुनाशी संबंध काय? काहीच नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी' आली. छानशा खेड्यात, छानशा सकाळी चिठ्ठ्या निघतात आणि जिची चिठ्ठी निघेल तिला शेजारीपाजारी दगडांनी मारतात. लेखिकेला त्या उन्हाळ्यात ३००हून जास्त पत्रं आली. तिच्या मोजणीप्रमाणे त्यातली १३ फक्त चांगली. बाकीचे चिडलेले, गोंधळलेले. काहींनी तर विचारलं, अशी लॉटरी कुठं निघते, पाहायला येता येईल का? निवाड्याची हौस ही अशी!

आपल्याकडच्या त्या दिवसांवर माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी १९६४ साली 'वावटळ' लिहिली. पुण्याहून गावाकडं निघालेल्या तरुणांचा प्रवास. कुठं आक्रस्ताळेपणा नाही, कुणाला शिव्याशाप नाहीत. ओळखीची माणसं जमावात शिरली की अनोळखी कशी होतात, ते फक्त दाखवलंय. याच माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) एका पोरीची चोळी शिवून आणण्याच्या साध्या कामावरून मास्तरबद्दल कुजबुज उठते. तिथं आग लागत नाही. पण काडी कशी पेटते ते दिसतं.

११. भिंत नसलेला तुरुंग

आता या यादीतली सगळ्यात नवलाची गोष्ट. १९३९ साल, औंध संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवलेला. त्यांच्या दरबारी मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर. त्यानं मागणी काय करावी? तुमचे कैदी माझ्या ताब्यात द्या, बेड्या काढून! राजानं दिलेही. आटपाडीजवळच्या माळावर वसाहत उभी राहिली, नाव स्वतंत्रपूर. खुनाची शिक्षा झालेली माणसं तिथं विहिरी खणू लागली, शेत पिकवू लागली. भिंत नाही, तटबंदी नाही. पळायचं असेल तर सगळा माणदेश मोकळा. पण पळून जाणार कुणापासून? पहारेकरी आतच होता.

स्वतंत्रपूर आजही खुली वसाहत म्हणून चालू आहे. बंदी तिथं बायकामुलांसह राहतात.

आणि या प्रयोगाचं पुढं काय झालं? आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळ्याला जन्मलेले ग. दि. माडगूळकर यांनी त्यावरून चित्रपटकथा लिहिली. व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. बारा हात सहा खुन्यांचे, दोन डोळे जेलरचे. बैलाशी झुंजण्याच्या दृश्यात शांतारामबापूंच्या डोळ्यालाच इजा झाली, तरी चित्रपट पुरा झाला आणि १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल घेऊन आला. माणदेशच्या माळावरची गोष्ट थेट बर्लिनला!

१२. दोन हवालदार, एक चेहरा

मध्ये जरा हसून घ्या. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, खरेखुरे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगात दोघं हवालदार व्हायचे आणि तंबू हसून लोळायचा. कायद्याचे दोन रखवालदार हुबेहूब सारखे. कुणाकडं तक्रार केली आणि कुणी ऐकली, काही पत्ता लागायचा नाही. सरकारी कचेरीत चकरा मारणारा प्रेक्षक का हसायचा, हे वेगळं सांगायला नको.

१३. खापरपणजोबांचं पाप आणि पंचांचा जामीन

१६९२ साली अमेरिकेतल्या सेलम गावात चेटकिणी म्हणून १९ माणसं फासावर दिली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं. त्या खटल्यांतला एक न्यायाधीश होता जॉन हॅथॉर्न. त्याला कधी पश्चात्ताप झाल्याची नोंद नाही. त्याच्याच वंशात नथॅनिएल जन्मला. त्यानं आडनावात एक अक्षर वाढवून 'हॉथॉर्न' केलं आणि आयुष्यभर गोष्टी लिहिल्या त्या न्याय करणाऱ्यांच्याच पापाच्या.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीही हाच धागा पकडला. भानामती, करणी, चेटूक या नावाखाली कुणावर तरी बोट रोखलं जातं आणि बोट रोखणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम पुढं जातपंचायतींपर्यंत पोचलं. ऑगस्ट २०१३ मध्ये दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षाअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा विधिमंडळानं २०१६ मध्ये संमत केला, २०१७ मध्ये लागू झाला. एखाद्या घराचं पाणी तोडणं, लग्नकार्याला बंदी करणं, वाळीत टाकण्याचा फतवा काढणं, यासाठी आता तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पो आणि हॉथॉर्न कथेत जे करत होते ते इथं कलमात उतरलं. आता चावडीवर "याला वाळीत टाका" म्हणून पहिला हात वर करणाऱ्यानं आधी स्वतःच्या जामिनाची सोय बघावी!